बाबा परततील तेव्हा माझे वय किती असेल?

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेली बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरत होती. २०२४ वायआर४ या लघुग्रहाविषयीच्या प्रश्नाला आम्ही मागे उत्तर दिले होते. हा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५मध्ये काही दिवस तीन टक्क्यांच्या वर गेली होती आणि पुढील निरीक्षणांनंतर ती जवळजवळ शून्यावर आली, एवढाच त्या उत्तराचा आशय होता. वाचकांनी मात्र टक्केवारी बाजूला ठेवून माणसांविषयी विचारले. जग वाचवण्यासाठी कोणी अवकाशात जाणार असेल, तर त्याच्या घरी मागे राहणाऱ्यांचे काय, अशा अर्थाची ही पत्रे आहेत. त्यांतील निवडक पत्रे थोडी संक्षिप्त करून आणि लिहिणाऱ्यांची नावे वगळून येथे देत आहोत.

प्रश्न : माझे वय ३९ आहे आणि माझी मुलगी १० वर्षांची आहे. मानवजातीसाठी नवे घर शोधायला निघालेला बाप खूप वर्षांनी परततो तेव्हा मुलगी त्याच्या वयाची झालेली असते, अशी एक गोष्ट तिने पाहिली. त्या रात्री तिने मला दोन प्रश्न विचारले. असे खरोखर होऊ शकते का? आणि होणार असेल, तर तू जाशील का? मला एकाचेही उत्तर देता आले नाही. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असे आहे. वेगाने जाणारे घड्याळ, थांबून राहिलेल्याच्या दृष्टीने, सावकाश चालते, हे आइनस्टाइन यांनी १९०५मध्ये सांगितले, आणि मोठ्या वस्तुमानाच्या जवळ, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या खोल विहिरीत, काळ मंदावतो, हे त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी त्यांच्याच व्यापक सापेक्षतेतून निघाले. हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. १९७१मध्ये दोन अमेरिकी शास्त्रज्ञांनी अणुघड्याळे नेहमीच्या प्रवासी विमानांत ठेवून पृथ्वीभोवती फिरवून आणली आणि घरी ठेवलेल्या घड्याळांशी ताडून पाहिली, तेव्हा फरक अपेक्षेप्रमाणे आला. आपल्या मोबाइलवर रस्ता दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांची घड्याळे जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दररोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही चूक दुरुस्त केली नाही, तर एका दिवसात स्थानाचा हिशेब काही किलोमीटरांनी चुकेल.

माणसांच्या बाबतीत आजवर घडलेला फरक मात्र फार लहान आहे. रशियाचे सर्गेई क्रिकालेव यांनी सहा मोहिमांत मिळून ८०३ दिवस अवकाशात काढले, आणि एवढ्या काळात ते पृथ्वीवरच्या माणसांपेक्षा सेकंदाच्या सुमारे पन्नासाव्या भागाने ‘तरुण’ राहिले. पापणी मिटायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. आपण आणि आपली मुलगी यांच्यात २९ वर्षांचे अंतर आहे. ते पुसून टाकायचे असेल, तर किती दूर जावे लागेल? समजा, प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्के वेगाने जाणारे यान आपल्याला मिळाले आणि आपण श्रवण ताऱ्यापर्यंत जाऊन लगेच परत फिरलात. श्रवण येथून सुमारे १६.७ प्रकाशवर्षे दूर आहे. पृथ्वीवरच्या हिशेबाने जाण्यायेण्यात ३४ वर्षांहून थोडा कमी काळ लागेल, पण यानातल्या घड्याळात पावणेपाच वर्षेच झालेली असतील. दारात उभ्या असलेल्या मुलीचे वय जवळजवळ ४४ असेल आणि आपलेही जवळजवळ ४४. श्रवणाच्या दोन बाजूंचे दोन मंद तारे म्हणजे कावडीत बसलेले आईबाप, असे आपल्याकडे मुलांना सांगतात; त्याच ताऱ्याला जाऊन आलेला बाप मुलीच्या वयाचा व्हावा, हा हिशेबातून आपोआप निघालेला योगायोग आम्हाला मोह घालून गेला, एवढेच.

मोह आवरून खर्चही सांगायला हवा. ७० किलो वजनाच्या एका माणसाला, म्हणजे नुसत्या माणसाला, यान, अन्न, हवा, पाणी काहीही न धरता, हा वेग द्यायला जेवढी ऊर्जा लागेल, तेवढी वीज निर्माण करायला आजच्या दराने सगळ्या भारताला सुमारे सहा वर्षे लागतील. ती ऊर्जा निघतानाच खर्च होईल. श्रवणापाशी थांबण्यासाठी, परत निघण्यासाठी आणि घरी येऊन थांबण्यासाठी पुन्हा तेवढीच तीन वेळा लागेल. आज माणसाने बनवलेल्या वस्तूंपैकी सर्वांत दूर गेलेले व्हॉयेजर-१ हे यान १९७७पासून चालले आहे आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर आहे. त्या वेगाने श्रवणापर्यंत जायला सुमारे ३ लाख वर्षे लागतील. वेगाऐवजी कृष्णविवराच्या गुरुत्वाकर्षणाने काळ मंदावून घ्यायचा म्हटले, तर ज्ञात कृष्णविवरांपैकी सर्वांत जवळचे गाया बीएच-१ हे सुमारे १,५६० प्रकाशवर्षांवर आहे. तेथे पोहोचेपर्यंतच पृथ्वीवर दीड हजारांहून अधिक वर्षे उलटतील आणि दारात उभे राहायला कोणीही उरलेले नसेल. मुलीला आपण निर्धास्तपणे सांगू शकता की, निसर्गाचा नियम याला परवानगी देतो, पण तसे यान अजून कोणाच्याही कारखान्यात नाही.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार पुढील पत्राच्या उत्तरात केला आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सिंहगडाचा धडा शिकवताना ‘आधी लगीन कोंढाण्याचे, मग माझ्या रायबाचे’ हे वाक्य मी ३१ वर्षे फळ्यावर लिहिले. उद्या मानवजात वाचवण्यासाठी एकाच माणसाला अवकाशात जावे लागले आणि त्याला लहान मुले असली, तर त्याचे कर्तव्य कोणते, याचे उत्तर या वाक्यातच आहे असे मला वाटते. माझी नात याला अजिबात तयार नाही. आपले मत काय? – एक वाचक, सातारा

उत्तर : वाक्य ऐकताच आपल्या सर्वांच्या अंगावर काटा येतो, तो येऊ द्यावा, तोंडी परंपरेने सांभाळलेल्या या एका ओळीने कितीतरी पिढ्या घडवल्या आहेत. परंतु नातीचे म्हणणेही आम्हाला ऐकावेसे वाटते, आणि त्यासाठी आधी प्रश्नाची मांडणीच तपासायला हवी.

‘मानवजात वाचवायला एकच माणूस’ ही कल्पना गोष्टीत शोभते. पृथ्वीवर अवकाशातून संकट येणार असेल, तर ते बहुधा लघुग्रहाच्या रूपाने येईल, आणि त्याची खूण पाहायला आपल्याला दूर जावे लागत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच एका आघाताने बेसॉल्टच्या खडकात पडलेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या खड्ड्यात आहे. मग असा आघात टाळता येईल का, याची पहिली चाचणी २६ सप्टेंबर २०२२ रोजी, म्हणजे भारतात २७ तारखेच्या पहाटे, झाली. पाच-सहाशे किलो वजनाचे ‘डार्ट’ हे यान सुमारे १.१ कोटी किलोमीटर अंतरावरील डायमॉर्फस या १६० मीटर रुंदीच्या लहानशा लघुग्रहावर सेकंदाला सहा किलोमीटरांहून अधिक वेगाने मुद्दाम आदळवण्यात आले. डायमॉर्फस आपल्या मोठ्या सोबत्याभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत असे. धडकेनंतर तो काळ ३२ ते ३३ मिनिटांनी कमी झाला. डायमॉर्फसपासून पृथ्वीला कसलाही धोका नव्हता. धक्का देऊन वाट बदलता येते की नाही, एवढेच पाहायचे होते.

या यानात कोणीही बसलेले नव्हते. शेवटचे काही तास तर ते स्वतःच कॅमेऱ्यातून लक्ष्य ओळखत, स्वतःच दिशा सुधारत गेले. माणूस नेण्यासाठी लागणारी हवा, पाणी, उष्णता आणि परतीचे इंधन यांचे ओझे बाजूला ठेवल्यामुळेच ही मोहीम साधली. याचा अर्थ असा की, लघुग्रह वळवण्याच्या कामी कोणाच्या बापाला पाठवणे हे शौर्याचे लक्षण ठरणार नाही, ते अभियंत्यांच्या हिशेबातील चूक ठरेल. या कामात खरी गरज लागते ती वेळेची. दहा-वीस वर्षे आधी कळले, तर एक हलकासा धक्का पुरतो. दोन महिने आधी कळले, तर कोणाचाही त्याग फारसा उपयोगी पडणार नाही. म्हणून जग वाचवणारी माणसे कोठे आहेत असे विचाराल, तर ती रात्रभर दुर्बिणीतून आकाशाचे फोटो काढून सकाळी मुलांचे डबे भरणारी आहेत.

दुसरी गोष्ट ‘नव्या घराची’. पृथ्वी राहण्याजोगी उरणार नाही, म्हणून मंगळावर जाऊ, असे हल्ली फार सहजपणे म्हटले जाते. मंगळावरील हवेचा दाब आपल्याकडील दाबाच्या एक टक्क्याहूनही कमी आहे, सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास असते, आणि मोकळ्या हवेत श्वास घेण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. पृथ्वी आपण कितीही बिघडवली, तरी ती मंगळापेक्षा राहण्याजोगी राहील, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्यामुळे ‘नवे घर’ शोधायला जाणाऱ्या बापाच्या त्यागाला आम्ही अजून तरी डोळे मिटून सलाम करणार नाही.

मग खरोखर जी माणसे गेली, ती कशासाठी गेली? कामासाठी, देशासाठी, कुतूहलासाठी, आणि मनाच्या एका कोपऱ्यात जायचेच होते म्हणूनही. मानवजात वाचवणे हे कारण इतके मोठे आहे की, त्यापुढे मुलाला काही बोलताच येत नाही. ‘मला हे काम आवडते’ हे कारण लहान आहे, पण त्यावर मूल भांडू शकते, रुसू शकते. आमच्या मते ते अधिक प्रामाणिक आहे.

अवकाशात गेलेले पहिले माणूस युरी गागारिन यांचे उदाहरण घ्या. १२ एप्रिल १९६१ रोजी ते अवकाशात गेले तेव्हा त्यांची थोरली मुलगी जेमतेम दोन वर्षांची होत होती आणि धाकटी महिनाभराची होती. उड्डाणाच्या दोन दिवस आधी, १० एप्रिलला, त्यांनी पत्नी व्हॅलेंतिना यांना पत्र लिहिले. यंत्रावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण माणूस सपाट जमिनीवरही पडून मान मोडून घेऊ शकतो, असा त्याचा सूर आहे. काही झालेच, तर दुःखाने स्वतःला संपवू नकोस, मुलींना लाडावून ठेवू नकोस, त्यांना खरी माणसे म्हणून वाढव आणि पुढचे आयुष्य तुझे मन सांगेल तसे जग, असे त्यांनी लिहिले. ते सुखरूप परतले, त्यामुळे ते पत्र तेव्हा द्यावे लागले नाही. २७ मार्च १९६८ रोजी विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाल्यानंतर ते व्हॅलेंतिना यांच्या हाती आले. या पत्रात मोठे शब्द फार थोडे आहेत. दोन मुली आणि एक बाई यांचे पुढे कसे होईल, याचीच काळजी त्यात आहे.

पाठवणाऱ्यांनी काय केले, हेही पाहावे. जुलै १९६९मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर उतरण्याच्या दोन दिवस आधी अध्यक्ष निक्सन यांच्यासाठी त्यांचे भाषणलेखक विल्यम सफायर यांनी एक भाषण लिहून ठेवले होते. दोघे चंद्रावरून निघू शकले नाहीत, तर ते वाचायचे होते. त्या कागदाच्या शेवटी सूचना आहे की, भाषणापूर्वी अध्यक्षांनी होणाऱ्या विधवांना प्रत्येकीला फोन करावा. या दोघांनी आणि चंद्राभोवती यानात फिरत राहणारे त्यांचे साथी कॉलिन्स यांनीही आपली तजवीज केली होती. उड्डाणापूर्वी त्यांनी टपाल तिकिटे लावलेल्या लिफाफ्यांवर सह्या करून ठेवल्या, म्हणजे ते परतले नाहीत तर घरच्यांना हे लिफाफे विकून पैसे उभे करता आले असते. जगातील सर्वांत मोठ्या मोहिमेवर निघालेल्या तीन बापांनी, आठ मुलांच्या वाट्याला, मागे सह्या केलेली पाकिटे ठेवावीत, ही गोष्ट आम्हाला आजही खटकते.

आता आपल्या फळ्यावरच्या वाक्याकडे येऊ. तानाजी पडल्यावर रायबाचे लग्न शिवाजी महाराजांनी स्वतः लावून दिले, असे परंपरा सांगते. शिकवताना आपण पहिल्या अर्ध्या ओळीवर जोर देतो आणि हा उत्तरार्ध घाईने आटोपतो. नातीला कदाचित तोच हवा असेल. बापाने जावे की नाही हे बाप ठरवील. पण जो पाठवतो, त्याने रायबाचे लग्न आपल्या अंगावर घ्यावे लागते. चॅलेंजर यानाच्या १९८६च्या आणि कोलंबियाच्या २००३च्या अपघातांत मिळून १४ जण गेले आणि त्यांतील बहुतेकांना मुले होती. आज नासात प्रत्येक उड्डाणाच्या वेळी कुटुंबासोबत दुसरे अंतराळवीर नेमलेले असतात. सोहळ्यात त्यांनी मुलांना सांभाळावे आणि वाईट घडले तर पहिला हात त्यांचा असावा, अशी ती व्यवस्था आहे. आपली नात या उत्तराने समाधानी झाली नाही, तर तिचे पत्र तिने स्वतः पाठवावे. ते आम्ही छापू.

प्रश्न : माझे पती मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहेत. सहा महिन्यांचा करार असतो, पण करोनाच्या वर्षी रिलीव्हर न मिळाल्यामुळे त्यांना अकरा महिने बोटीवरच राहावे लागले. मुलगा तेव्हा तीन वर्षांचा होता आणि ते घरी आले तेव्हा तो माझ्यामागे लपला. अंतराळवीरांच्या कुटुंबांचे कौतुक होते, आमचे कोणी करत नाही, ही तक्रार नाही. पण ती माणसे हे कसे निभावतात, हे जाणून घ्यायचे आहे. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तक्रार असती तरी ती रास्तच ठरली असती. २०२०मध्ये आपल्या पतींसारखे जगभरातील सुमारे ४ लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते. अवकाशातल्या कुटुंबांना सोयी आपल्यापेक्षा जास्त मिळतात. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावरून घरी फोन करता येतो, आठवड्यातून एकदा कुटुंबाशी समोरासमोर दिसत खासगी बोलणे होते, आणि मालवाहू यानातून घरचा खाऊ आणि मुलांनी काढलेली चित्रेही जातात. आपल्या पतींना भर समुद्रात नेटवर्कची जी रड असते, ती त्यांना बरीच कमी असते.

तारीख चुकण्याचे दुःख मात्र दोन्हीकडे अगदी सारखे आहे. फ्रँक रुबिओ हे चार मुलांचे वडील सप्टेंबर २०२२मध्ये सहा महिन्यांसाठी म्हणून वर गेले. डिसेंबरात त्यांच्या सोयूझ यानातील थंडावा राखणारा द्रव गळून गेला आणि त्या यानातून परतणे धोक्याचे ठरले. दुसरे यान येईपर्यंत आणि पुढच्या तुकडीचा मेळ बसेपर्यंत मुक्काम वाढत जाऊन तो ३७१ दिवसांवर गेला. अमेरिकेसाठी एका उड्डाणातील तो विक्रम ठरला. या विक्रमाविषयी विचारल्यावर त्यांनी सांगितले की, वर्षभर राहावे लागणार हे प्रशिक्षणापूर्वीच कळले असते, तर कुटुंबाचा विचार करून मी बहुधा नकार दिला असता. विक्रमवीराच्या तोंडचे हे वाक्य आम्हाला त्याच्या विक्रमापेक्षा मोठे वाटते.

वर उल्लेख केलेल्या क्रिकालेव यांची गोष्ट आपल्या घराच्या आणखी जवळची आहे. मे १९९१मध्ये ते ‘मीर’ या सोव्हिएत अंतराळस्थानकावर गेले तेव्हा घरी वर्षही न भरलेली मुलगी होती आणि पत्नी एलेना मॉस्कोजवळच्या नियंत्रण केंद्रातच काम करत होत्या. काही महिन्यांत परतायचे ठरले होते. पण खाली सोव्हिएत संघ मोडकळीला आला, पैसा आटला, आणि ऑक्टोबरात वर आलेल्या यानात त्यांच्या जागी दीर्घ मुक्कामासाठी तयार झालेला कोणी नव्हताच. स्थानकाला जोडलेल्या यानात बसून ते केव्हाही उतरू शकले असते. तसे केले, तर स्थानक सांभाळायला पुरेशी माणसे उरली नसती, म्हणून ते थांबले. २५ मार्च १९९२ रोजी ते उतरले तेव्हा ३११ दिवस झाले होते, त्यांना पाठवणारा देश नकाशावर नव्हता, आणि त्यांच्या लेनिनग्राडचे नाव सेंट पीटर्सबर्ग झाले होते. घरात महागाईने त्यांच्या पगाराची किंमत उरली नव्हती. एलेना त्यांच्याशी बोलताना अशा गोष्टी शक्यतो टाळत. तेही वरच्या अडचणी सांगत नसत. बोटीवर फोन लावताना ‘गॅस संपला’ हे न सांगणाऱ्या आपल्याकडच्या बायकांना हे समजावून सांगायला नको.

यातून उपयोगाचे असे एकच सुचते. मुलाला परतीची तारीख सांगू नये, खूण सांगावी. ‘बाबा दहा तारखेला येणार’ असे सांगितले आणि बोट अकरा तारखेला दुसऱ्या बंदराकडे वळली, तर मुलाच्या लेखी बाबा खोटे ठरतात. ‘आंबे उतरले की’, ‘भातलावणी झाली की’ अशा खुणा थोड्या मागेपुढे सरकतात आणि मुलाला त्या सरकताना दिसतात. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जून २०२४ रोजी आठवडाभरासाठी गेले आणि १८ मार्च २०२५ रोजी, २८६ दिवसांनी, परतले; तेव्हा तारखेचा भरवसा नासालासुद्धा देता येत नाही, हे मुलाला मोठेपणी सांगायला हरकत नाही. आपला मुलगा लपला, याचे वाईट वाटून घेऊ नका. त्याने अनोळखी माणसापासून स्वतःला जपले, आणि त्यासाठी तो आपल्यामागे आला.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि अंतराळवीर होण्याची माझी इच्छा आहे. घरातील प्रत्येक समारंभात कोणीतरी विचारतेच की, मग लग्न, मुलेबाळे यांचे काय? माझ्या भावाला लष्करात जायचे आहे, त्याला हे कोणी विचारत नाही. – एक वाचक, पुणे

उत्तर : नोव्हेंबर १९८४मध्ये अ‍ॅना फिशर अवकाशात गेल्या तेव्हा त्यांची मुलगी सुमारे सव्वा वर्षाची होती, आणि ‘अवकाशात गेलेली पहिली आई’ म्हणून त्यांची नोंद झाली. पहिला बाप कोण, याची नोंद कोठेही ठळकपणे आढळत नाही, कारण तो पहिलाच माणूस होता. गागारिन आणि फिशर यांच्यामध्ये २३ वर्षे गेली आणि तेवढ्या काळात कितीतरी बाप मुले घरी ठेवून गेले; त्यांना मुलांविषयी विचारले गेले ते बहुधा कौतुकाने. समारंभात कोणी विचारले, तर एवढे सांगून मोकळे व्हावे आणि जेवायला बसावे.

गगनयान या भारताच्या मानवी अवकाशमोहिमेसाठी फेब्रुवारी २०२४मध्ये जाहीर झालेले चौघेही पुरुष आहेत, कारण निवड वायुदलाच्या चाचणी वैमानिकांतून झाली होती. त्यांच्यापैकी शुभांशु शुक्ला २५ जून ते १५ जुलै २०२५ या काळात अंतराळस्थानकावर जाऊन आले. प्रत्यक्ष प्रवास तीन आठवड्यांचा असला, तरी उड्डाण वारंवार पुढे गेल्यामुळे विलगीकरण लांबले होते. त्या दिवसांत घरचे भेटायला आले, तरी मध्ये आठ मीटर अंतर राखावे लागे, आणि त्यांच्या लहान मुलाला ‘तुझ्या हातावर जंतू आहेत, म्हणून बाबांना हात लावायचा नाही’ असे सांगावे लागले, हे त्यांनीच परतल्यावर लिहिले. चारशे किलोमीटरांपेक्षा ते आठ मीटर जड गेले असतील, असा आमचा तर्क आहे. तेव्हा मुलांचा प्रश्न खराच आहे. तो फक्त आपल्याला विचारला जाऊ नये, भावालाही विचारला जावा.

प्रश्न : माझे बाबा मंगळावर गेले आणि मी फोनवर ‘हॅलो’ म्हणालो, तर ते कधी ‘हॅलो’ म्हणतील? – एक विद्यार्थी, इयत्ता चौथी, कोल्हापूर

उत्तर : चंद्रावर असते तर जवळजवळ लगेच, म्हणजे अडीच-तीन सेकंदांत म्हणाले असते. मंगळ मात्र कधी जवळ असतो, कधी फार दूर जातो. तो सर्वांत जवळ असेल तेव्हा तुझे ‘हॅलो’ तीन मिनिटांनी तिकडे पोहोचेल आणि त्यांचे आणखी तीन मिनिटांनी तुझ्याकडे येईल. तो सर्वांत दूर असेल तेव्हा जायला सुमारे २२ मिनिटे आणि यायला २२ मिनिटे लागतील. शिवाय सुमारे सव्वीस महिन्यांतून एकदा सूर्य मध्ये येतो, तेव्हा दोनेक आठवडे बोलणेच नीट होणार नाही. म्हणून नुसते ‘हॅलो’ म्हणून थांबू नकोस. शाळेत काय झाले, कोणाशी भांडण झाले, गणितात किती मिळाले, आईचा निरोप काय आहे, हे सगळे एका दमात सांगून टाक आणि जेवायला जा. हात धुऊन परत येशील तोवर त्यांचे उत्तर आलेले असेल, आणि गणिताचे काय ते त्यांनी नक्की विचारलेले असेल.